‘चर्चा करावी’: खासगीतून सरकारी नोकरीत आलेल्या एका सहायक कक्ष अधिकाऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण राज्य शासनाच्या दक्षिण मुंबईतल्या एका कार्यालयातलं आहे. ओळख पटू नये म्हणून विभागाचं आणि व्यक्तींची नावं वगळली आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या सहायक कक्ष अधिकारी. पुढे त्यांना ‘सहायक’ एवढंच म्हटलं आहे.

सहायक डोंबिवलीच्या. २०१६ ते २०२२ अशी सहा वर्षं त्यांनी ऐरोलीतल्या एका खासगी कंपनीत आरोग्य विम्याचे दावे तपासण्याचं काम केलं. त्यासोबत लोकसेवा आयोगाचा अभ्यास चालू होता. निवड झाली तेव्हा कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि शासनाच्या नियुक्ती आदेशात रुजू होण्याची मुदत त्याहून कमी, म्हणून उरलेल्या दिवसांचे पैसे भरून त्या सुटल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये रुजू झाल्या.

योगायोग असा, की त्यांना मिळालेलं कार्यासन (कामाचं टेबल) वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं होतं, म्हणजे कर्मचाऱ्यांनी उपचारांवर केलेला खर्च परत देण्याचं. ऐरोलीत त्या हॉस्पिटलची बिलं तपासत होत्या, इथेही बिलंच तपासायची होती. सरकारी आणि खासगी नोकरीची तुलना करताना बहुतेक वेळा दोन वेगळ्या कामांची तुलना होते आणि दोष मात्र क्षेत्राला दिला जातो. इथे काम जवळपास तेच राहिलं आणि भोवतालची पद्धत बदलली. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

सुरुवातीचे दोन महिने

कागदावर सगळं सुधारलं होतं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९.४५ ते ६.१५. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा. ऐरोलीत दोन पाळ्या होत्या आणि महिन्यातले दोन शनिवार जात. प्रवास मात्र वाढला. पूर्वी ठाण्याला गाडी बदलून पाऊण-एक तासात ऑफिस गाठता येई, आता घरापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास. ठरलेली जलद लोकल चुकली की लेटमार्क, आणि लेटमार्क साचले की नैमित्तिक रजेला कात्री.

मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, १४ ते २० मार्च २०२३. सहायक परिवीक्षाधीन होत्या, म्हणजे नोकरी अजून कायम झाली नव्हती. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झाल्यामुळे मागणी त्यांच्याही हिताचीच होती. त्या कामावर आल्या. कक्षातले बाकी दोघे संपावर होते. संप मिटल्यावर कोणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या वेळी डबा उघडायला बोलावणं बंद झालं. हे दोन-अडीच महिने चाललं. नव्या माणसाला काम शिकवतात ते शेजारच्या टेबलावरचे लोक. शासन निर्णयांच्या फाइली कुठे असतात, कोणत्या जिल्ह्यातल्या कोणाला फोन केला की माहिती लगेच मिळते, हे लेखी कुठेच नसतं. ते शिकण्याचे महिने असे गेले. रुजू झाल्यावर नव्या कर्मचाऱ्याची एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी लेखी जोडी लावली असती, तर संपाची कटुता कामात इतकी उतरली नसती.

अडचण नेमकी कुठे होती

प्रतिपूर्तीचं प्रकरण असं चालतं. जिल्ह्यातल्या कार्यालयातून प्रस्ताव येतो, आवक नोंद होते, कार्यासनाकडे येतो. सहायक कागद तपासतात: मूळ देयकं, डिस्चार्ज कार्ड, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, जिल्हा शल्य चिकित्सकांची तपासणी, रुग्ण कुटुंबीय असेल तर अवलंबित्वाचा पुरावा, अर्जाला उशीर झाला असल्यास त्याचं कारण. मग टिपणी लिहितात. टिपणी कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. नियम शिथिल करायचा असेल तर वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावे लागतात. मान्यता मिळाली की आदेश निघतो, जिल्हा कार्यालय देयक तयार करून कोषागारात पाठवतं आणि कर्मचाऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात.

सहायकांच्या एका प्रकरणात, एका शिपायाच्या बायपासच्या बिलात, टिपणी चार वेळा खाली आली. चारही वेळा शेरा एकच: ‘चर्चा करावी.’ पहिल्या चर्चेत उशिराच्या अर्जाचं कारण विचारलं गेलं. दुसऱ्या वेळी साहेब बैठकीत होते, चर्चा बारा दिवसांनी झाली आणि प्रश्न होता खोलीभाड्याच्या दराचा. तिसऱ्या वेळी जुन्या तशाच प्रकरणाचा दाखला हवा होता. चौथ्या वेळी सहायकांनी तिन्ही उत्तरं टिपणीतच लिहून ठेवली होती. तरीही शेरा आला, कारण मधल्या काळात अवर सचिव बदलले होते. एकही प्रश्न चुकीचा नव्हता. सगळे प्रश्न एकदम आले असते तर प्रकरण महिन्यात मार्गी लागलं असतं. लागले पाच महिने.

बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्यात कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये असं आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय. पण ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला की नस्ती खाली येते आणि दिवस मोजले जातात ते सहायकाच्या नावावर. वेळ मिळत नाही वरच्या टेबलावर आणि प्रलंबित यादीत नाव येतं खालच्या टेबलाचं. कार्यालयातली अर्धी नाराजी इथून सुरू होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारचं कार्यासन रिक्त झालं आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार सहायकांकडे आला. तोंडी. जानेवारी २०२४ अखेर त्यांच्या मूळ कार्यासनावर ६१ प्रकरणं प्रलंबित होती.

त्या घरी जे सांगत ते असं: “तिकडे संध्याकाळी स्क्रीनवर दिसायचं, आज किती क्लेम केले, किती चुकले. इथे माझ्या कामाचं पुढे काय झालं, तेच कळत नाही.” हे वाक्य त्या वर्षभर बोलत होत्या आणि ऐकणारे त्याचा अर्थ ‘सरकारी नोकरीत मन रमत नाही’ असा लावत होते.

प्रस्ताव आणि पंधरा दिवस

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जुन्या कंपनीतल्या वरिष्ठांचा फोन आला. टीम लीडची जागा, वार्षिक सीटीसी (कंपनीचा कर्मचाऱ्यावरचा एकूण खर्च) १५.६ लाख, उत्तराला पंधरा दिवस.

घरात आकडा असा मांडला गेला: तिकडे महिन्याला एक लाख तीस हजार, इकडे साठ हजार. ही मांडणी चुकीची होती आणि ही चूक सर्रास होते. सीटीसीला बाराने भागून आलेला आकडा आणि हातात पडणारा पगार शेजारी ठेवता येत नाहीत. पत्र उघडून नीट फोड केली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. १५.६ लाखांपैकी १.८७ लाख कामगिरीवर अवलंबून. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता हे सगळं सीटीसीतच धरलेलं. उरलेला ठरलेला पगार महिना १ लाख ४ हजार. त्यातून स्वतःचा पीएफ ६,२४०, व्यवसाय कर २०० आणि आयकर गेला की हातात सुमारे ९० हजार.

इकडे सातव्या वेतन आयोगाच्या एस-१४ स्तरावर मूळ वेतन ३८,६००, त्या वेळच्या ४६ टक्क्यांनी महागाई भत्ता १७,७५६, मुंबईचा घरभाडे भत्ता २७ टक्क्यांनी १०,४२२, वर वाहतूक भत्ता. एकूण ६९ हजारांच्या आसपास. एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेचे) १० टक्के आणि कर जाऊन हातात साठ. शासनाचा १४ टक्के वाटा, म्हणजे सुमारे ७,८९० रुपये, याच्या बाहेर. कंपनीच्या पीएफ वाट्यापेक्षा तो जास्त होता. म्हणजे खरा फरक महिन्याला तीस हजारांचा, सत्तरचा नाही. डोंबिवलीत घराचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला तीस हजार कमी नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

आणखी एक गोष्ट याच वेळी उघड झाली. कंपनी सोडताना सहायकांनी पीएफसोबत ईपीएसचेही (कर्मचारी पेन्शन योजनेचेही) पैसे काढून घेतले होते. या योजनेत पेन्शन लागू होण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतलं असतं तर जुनी सहा वर्षं जिवंत राहिली असती आणि परत गेल्यावर चारच वर्षं लागली असती. आता मोजणी पहिल्यापासून. ग्रॅच्युइटीची पाच वर्षंही पहिल्यापासून.

कोणते मार्ग होते

राजीनामा देऊन परत जाणं हा सरळ मार्ग. त्याची किंमत अशी, की राजीनाम्याने शासकीय सेवेतली मागची सेवा जप्त होते. पुन्हा यायचं तर पुन्हा परीक्षा, आणि वय वाढलेलं.

पतीने सुचवलेला मार्ग: सहा महिने असाधारण (बिनपगारी) रजा घ्यावी, तिकडे काम करून पाहावं, जमलं तर राजीनामा. हे करता येत नाही. शासकीय सेवेत असताना, रजेवर असतानाही, वर्तणूक नियम १९७९ लागू असतात आणि पूर्वपरवानगीशिवाय खासगी नोकरी करता येत नाही. धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परत येण्याचा हक्क, दुसऱ्या सरकारी पदासाठी राखता येतो, खासगी कंपनीसाठी नाही. असा सल्ला देणारे कार्यालयातही भेटतात. तो ऐकून काहींवर विभागीय चौकशीची वेळ येते.

राज्यसेवेची तयारी करून वरचं पद मिळवणं हा तिसरा मार्ग सहायकांनी स्वतःच बाजूला ठेवला. पावणेदोन तासांचा प्रवास आणि दोन कार्यासनं सांभाळून अभ्यास होत नव्हता.

कार्यासन बदलून मागणं शक्य होतं. पण रिक्त पदं सगळीकडे होती, आणि ‘चर्चा करावी’चा शेरा कोणत्याही कार्यासनावर पडतोच.

उरला तो मार्ग म्हणजे त्याच टेबलावर कामाची रचना बदलून पाहणं. याचा विचार आधी कोणी केला नव्हता, कारण अडचण काय आहे हेच नीट सांगितलं गेलं नव्हतं. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले: कौशल्यांची विविधता, कामाचं पूर्णत्व, महत्त्व, स्वायत्तता आणि आपल्या कामाचं काय झालं हे कळणं. सहायकांच्या एका मैत्रिणीने, जी मनुष्यबळ क्षेत्रात आहे, या पाच रकान्यांत दोन्ही नोकऱ्या मांडायला लावल्या. ऐरोलीत काम तुकड्याचं होतं. दावा तपासून पुढच्या टप्प्याला सरकवायचा, रुग्ण कोण हे कधी कळायचं नाही, नियमाबाहेर जायची मुभा शून्य. पाचवा रकाना मात्र भरलेला, रोज संध्याकाळी. इथे प्रकरण आवकपासून आदेशापर्यंत एकाच हाताखालून जात होतं, टिपणीत स्वतःचं मत मांडता येत होतं, समोर खरा माणूस होता. पाचवा रकाना रिकामा. आदेश निघाल्यावर पैसे मिळाले की नाही, हेसुद्धा कळत नव्हतं.

तीस हजार रुपये आणि एक रिकामा रकाना, असे दोन वेगळे प्रश्न आहेत हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झालं. पहिल्याचं उत्तर फक्त ऐरोलीत होतं. दुसऱ्याचं कदाचित इथेही मिळालं असतं. टीम लीड झाल्यावर स्वतः दावे तपासणं बंद होणार होतं. पाळ्या लावणं, सुट्टीचे अर्ज, सोडून जाणाऱ्यांच्या जागी माणसं शोधणं हेच काम उरणार होतं. म्हणजे ज्या गोष्टीची ओढ होती ती तिकडेही तशीच मिळणार नव्हती.

काय केलं

सहायकांनी कंपनीकडून आणखी दहा दिवस मागून घेतले आणि कक्ष अधिकाऱ्यांकडे गेल्या. तक्रार घेऊन नाही, एक पान घेऊन. त्यावर मागच्या वर्षभरात खाली आलेल्या २७ टिपण्यांची यादी होती: शेऱ्याची तारीख, प्रत्यक्ष चर्चेची तारीख, विचारलेला प्रश्न. २७ पैकी २० प्रश्न पुन्हा पुन्हा येणाऱ्या सहा मुद्द्यांतच बसत होते.

कक्ष अधिकारी पान बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “मॅडम, हे सहा मुद्दे टिपणीत आधीच असतील तर मला तुम्हाला बोलवावंच लागणार नाही.” चार गोष्टी ठरल्या.

टिपणीच्या सुरुवातीला सहा ओळींचा ठरावीक तक्ता द्यायचा: अर्जाची मुदत व उशिराचं कारण, कागदांची पूर्तता, अनुज्ञेय (नियमाने देता येणारी) रक्कम, खोलीभाडं, शिथिलता हवी का, पूर्वीचा दाखला.

त्रुटी असतील तर त्या एकाच पत्रात कळवायच्या. तोवर कागद जसे सापडतील तशी दोन-तीन पत्रं जात.

दर मंगळवारी दुपारी चारला अर्धा तास फक्त ‘चर्चा करावी’च्या नस्त्यांसाठी.

नोंदवहीत शेवटी एक नवा रकाना: ‘रक्कम जमा झाल्याचा दिनांक’. प्रत्येक मंजुरी आदेशाच्या शेवटी जिल्हा कार्यालयाने हा दिनांक कळवावा, अशी एक ओळ.

अतिरिक्त कार्यभाराचा लेखी आदेश आणि त्याची शेवटची तारीखही सहायकांनी मागितली. आदेश मिळाला, तारीख मिळाली नाही. त्यांनी कंपनीला नकार कळवला तो इथे, कोणताही बदल प्रत्यक्ष दिसण्याआधी. हा निर्णय धोक्याचा होता आणि तो त्यांनी धोका ओळखूनच घेतला.

काय बिघडलं

पहिले दीड महिने परिस्थिती आणखी वाईट झाली. त्रुटींचं एकच, पण लांबलचक पत्र पाहून जिल्हा कार्यालयं चिडली. “आधी एवढं मागत नव्हते,” असे फोन अवर सचिवांपर्यंत गेले. यादी आधीच परिपत्रकाने कळवून, पुढच्या महिन्यापासून लागू केली असती तर हा रोष टळला असता.

मंगळवारची चर्चा तीनदाच झाली. फेब्रुवारीअखेर विधिमंडळाचं अधिवेशन आलं. आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांची उत्तरं तयार करण्यात कक्ष गुंतला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, पाठोपाठ निवडणूक कामाचे आदेश. २० मे रोजी मुंबईत मतदान झालं, त्याआधी प्रशिक्षणं, आदल्या दिवशी साहित्यवाटप. खासगी नोकरीतून आलेल्यांना हे वेळापत्रक कोणी आधी समजावत नाही. वर्षातली तीन अधिवेशनं आणि निवडणुकीचं वर्ष लक्षात न घेता आखलेली कोणतीही सुधारणा अशीच कोलमडते. जूनच्या मध्यापासून मंगळवार पुन्हा सुरू झाला.

निष्पत्ती

सहा ओळींच्या तक्त्याचा परिणाम सर्वात लवकर दिसला. जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये वर गेलेल्या ३४ टिपण्यांपैकी पाचच चर्चेसाठी खाली आल्या. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली तेव्हा मूळ कार्यासनावर २३ प्रकरणं शिल्लक होती.

नोंदवहीतला नवा रकाना बरेच महिने रिकामाच होता. जिल्हा कार्यालयं ती ओळ वाचून सोडून देत. सहायकांनी महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, फोन करून तारखा विचारायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये त्या बायपासवाल्या शिपायाच्या कार्यालयातून उत्तर आलं, रक्कम १९ जुलैला जमा. सहायकांनी ती तारीख लाल शाईने लिहिली. नोंदवहीत आता अशा लाल तारखांचं अख्खं पान आहे, आणि कंटाळा आला की त्या ते उघडून बघतात, असं त्या सांगतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रिक्त कार्यासन भरायला आणखी नऊ महिने गेले. तीस हजारांची तफावत घरात अधूनमधून निघते, आणि ती निघणं रास्तच आहे. कोणाचं काम चांगलं, कोणाचं नाही, याचा पगारवाढीशी संबंध नसणं सहायकांना आजही खटकतं. जुलै किंवा जानेवारीत वेतनवाढ सगळ्यांना सारखीच मिळते.

काय वेगळं करता आलं असतं

२७ टिपण्यांची यादी सहाव्या महिन्यातच करता आली असती. त्यासाठी ई-ऑफिसमधल्या (संगणकावरच्या फाइल-नोंदींमधल्या) तारखा आणि एक दुपार पुरली. कंपनीचा प्रस्ताव हातात आल्यावर ती झाली, कारण तेव्हाच अडचण शब्दांत मांडायची गरज पडली.

कक्ष अधिकाऱ्यांनाही वर्षभरात विचारता आलं असतं. त्यांच्याकडे नव्या माणसाशी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात बोलण्याची पद्धत नव्हती. गोपनीय अहवाल वर्षातून एकदा लिहिला जातो. तो लिहिताना सहायकाला समोर बसवून अर्धा तास बोलायला कोणताही नियम आड येत नाही.

तोंडी कार्यभार पहिल्याच दिवशी लेखी मागायला हवा होता. पाच महिने त्या कार्यासनाची प्रलंबित प्रकरणं कोणाच्याच नावावर नव्हती, आणि एका लक्षवेधीच्या वेळी ती अचानक सहायकांच्या नावावर आली.

मंगळवारची चर्चाही कार्यालयीन आदेशात घालायला हवी होती. जून २०२५ मध्ये कक्ष अधिकारी बदलून गेले आणि त्यांच्यासोबत मंगळवारही गेला. सहा ओळींचा तक्ता टिपणीच्या नमुन्यात होता म्हणून राहिला, लाल तारखांचा रकाना छापील नोंदवहीत होता म्हणून राहिला. नव्या कक्ष अधिकाऱ्यांकडे सहायक पुन्हा एक पान घेऊन गेल्या. चर्चा आता गुरुवारी साडेतीनला होते, आणि या वेळी त्याचा लेखी आदेश आहे.